अनाहूत पाहुण्याचें नांव आधीं विचारा



खाऱ्या पाण्याच्या कांचेच्या टाकींत पोवळीं व रंगीत मासे पाळण्याचा छंद आतां अनेक देशांत पसरला आहे. अशा टाकीचा पाया बहुधा समुद्रांतून आणलेला ‘जिवंत खडक’ हा असतो. वस्तुतः खडक स्वतः जिवंत नसतो; मृत पोवळ्यांच्या चुन्याच्या सांगाड्याचा तो तुकडा असून त्याच्या छिद्राछिद्रांत असंख्य सूक्ष्म जंतु वास करीत असतात. माशांच्या मलापासून उत्पन्न होणाऱ्या विषारी अमोनियाचें हे जंतु प्रथम नायट्राइटमध्यें व नंतर नायट्रेटमध्यें रूपांतर करतात, म्हणूनच टाकींतील मासे जगतात. परंतु या खडकांत दडून किडे, खेकडे, गोगलगाई, समुद्रफुलें असे कित्येक जीव न बोलावतां घरांत येतात. दिवे मालवल्यावर एखादें अनोळखी डोकें बिळांतून बाहेर येतें आणि एकच ओरड होते, “किडा! काढून टाका!” या ओरडीविषयीं मला दोन शब्द लिहावयाचे आहेत. माझें मत असें कीं, ज्याची ओळख आपण करून घेतली नाहीं, त्यास शिक्षा देण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

या ओरडीस नेहमीं बळी पडणारा जीव म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंस ताठ केसांच्या जुड्या असलेला, गोमेसारखा दिसणारा किडा. त्याचे केस बोटांत रुतले म्हणजे आग होते, हें खरें. म्हणून त्यास उघड्या हातानें शिवूं नये. परंतु टाकींत आढळणाऱ्या अशा किड्यांपैकीं बहुतेक उरलेलें अन्न व मेलेले जीव खाऊन टाकीची सफाईच करीत असतात. याउलट युनिस नांवाच्या किड्याच्या डोक्यावर पांच मिशा व तोंडांत बळकट जबडे असतात, आणि त्याच्या कांहीं जाति मोठ्या झाल्यावर टाकींत नासधूस करतात. मिशा मोजण्याइतका धीर ज्याला नाहीं, त्याला हे दोन्ही सारखेच.

इंग्लंडांत कॉर्नवॉल परगण्यांतील न्यूक्वे येथील मत्स्यालयांत एका टाकींतील पोवळ्यांची कित्येक महिने नासधूस होत होती. सापळे लावूनही चोर हातीं लागेना. अखेर मार्च २००९ मध्यें तेथील लोकांनीं टाकींतील खडक बाहेर काढले, तेव्हां सुमारें चार फूट लांबीचा युनिस त्यांना सांपडला. तेथें दिसेल तो लहान किडा मारण्याचा सपाटा कोणी लावला असता, तर चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यासारखेंच झालें असतें. विशेष हें कीं, खरा गुन्हेगार सांपडल्यावरही त्यास ठार न करतां निराळ्या टाकींत ठेवण्यांत आलें.

घाईची शिक्षा कित्येकदां उलटते. ॲप्टेशिया नांवाचें तपकिरी समुद्रफूल टाकीभर पसरून शेजारच्या पोवळ्यांना डंख करतें. त्यास चिरडावें, तर मागें राहिलेल्या तुकड्यांतून नवीं फुलें उगवतात. मारणारा आपल्याच हातानें वैरी वाढवितो. पण नांव कळलें म्हणजे उपायही कळतो. बर्गिया नांवाची एक कवचहीन समुद्री गोगलगाय केवळ ॲप्टेशियावरच जगते. शिवाय छांदिष्टांचा हाच वैरी शास्त्रज्ञांचा मित्र आहे. समुद्र तापला असतां पोवळीं आपल्या अंगांतील शैवाल गमावून पांढरीं कां पडतात, हें शोधण्यासाठीं प्रयोगशाळांतून ॲप्टेशिया मुद्दाम वाढवितात. कारण तसलेंच शैवाल त्याच्याही अंगांत राहतें.

कोणी म्हणेल, एवढी यातायात हवी कशाला? खडक उकळून घेतला म्हणजे झालें! पण उकळल्यानें उपकारक जंतुही मरतात आणि ज्यासाठीं खडक आणला तो हेतूच बुडतो. त्याहून मोठा धोका असा कीं, पॅलिथोआ नांवाच्या, बटणांसारख्या दिसणाऱ्या जीवांत पॅलिटॉक्सिन हें अति जहाल विष असूं शकतें, व असे खडक उकळतांना वाफेनें माणसें आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. अज्ञानाची शिक्षा येथें न्यायाधीशालाच भोगावी लागते.

मग करावें काय? नवा खडक कांहीं आठवडे वेगळा ठेवावा. रात्रीं मंद तांबड्या उजेडांत पाहावें. त्या उजेडाला पुष्कळ जीव बुजत नाहींत. संशयित जीवास त्याच पाण्याच्या लहान बरणींत घेऊन भिंग लावावें, चित्र काढावें, तो काय खातो तें टिपावें. मात्र नको असलेला जीव समुद्रांत कदापि सोडूं नये. १९८४ सालीं मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ कॉलर्पा हें टाकींत वाढविलें जाणारें शैवाल समुद्रांत प्रथम दिसलें, तेव्हां तें सुमारें एक चौरस मीटर जागेंत होतें; पुढें तें भूमध्य समुद्रांत दूरवर पसरलें. २००० सालीं तेंच कॅलिफोर्नियाच्या खाजणांत आढळलें आणि त्याचें उच्चाटन पूर्ण झाल्याचें जाहीर होण्यास २००६ साल उजाडलें.

हा अभ्यास करण्यास महागडी टाकीच हवी असें नाहीं. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं खडकांतील डबक्यांतही असेच खेकडे, किडे व समुद्रफुलें पाहावयास मिळतात. तीं तेथेंच पाहावीं व तेथेंच राहूं द्यावीं. दगडी पोवळीं तर २००१ सालापासून आपल्या देशांत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. तीं उचलून आणणें गुन्हा आहे.

पालकांस एकच विनंती. मुलानें बोट दाखवून “हा कोण?” असें विचारलें, तर “किडा आहे, टाकून दे” असें उत्तर देऊं नये. “ये, आपण दोघें पाहूं” असें म्हणावें. जीवाची ओळख पटेपर्यंत निकाल राखून ठेवण्याची संवय मुलांना अशाच लहानशा प्रसंगांतून लागते, आणि पुढें माणसांची पारख करतांनाही तीच उपयोगी पडते.