शिंपल्यांचे बियाणे

गोठ्यातले एक वासरू दगावले तर घरभर हळहळ होते. नदीतले शिंपले मेले तर कोण विचारतो? आपल्याकडे शिंपला म्हटला की कालवण नाहीतर चुना आठवतो. अमेरिकेत व्हर्जिनिया व टेनेसी राज्यांतून वाहणाऱ्या क्लिंच नदीकाठी १९९८ च्या ऑगस्टमध्ये एक टँकर उलटला. रबराच्या धंद्यातले रसायन पाण्यात गेले व सुमारे ७,००० शिंपले मेले. त्यांत नामशेष होऊ घातलेल्या जातीही होत्या.

हा जीव बिनकामाचा नव्हे. तळाशी रुतून तो पाणी गाळीत असतो. त्याची पिल्ले मात्र माशावाचून वाढत नाहीत. ती माशाच्या कल्ल्यांना वा परांना चिकटतात, काही आठवडे तेथे राहतात व मग सुटून तळाशी पडतात. मासा फिरेल तेवढीच शिंपल्याची वस्ती पसरते. याच नदीवर १९३६ साली नॉरिस धरण पुरे झाले. धरणाने मासा अडला म्हणजे शिंपल्यांचे सोयरसंबंधही तुटले.

आता तेथील केंद्रांत शिंपल्यांची पैदास करून पिल्ले नदीत सोडतात. काम स्तुत्य आहे. पण नुसत्या आकड्यावर समाधान मानणे आम्हांस पटत नाही. एका मादीपासून हजारो पिल्ले निघतात. दोनचार माद्यांवर भागवले तर नदी भरेल, पण सारी भावंडेच! गावच्या म्हशींना वर्षानुवर्षे एकच रेडा ठेवला तर काय होते, हे शेतकरी बांधवांना आम्ही काय सांगावे? अमेरिकेतल्या मक्यावर १९७० साली करपा पडला, तेव्हा बहुतेक संकरित बियाण्याचे मातृकूळ एकच होते. सुमारे १५ टक्के पीक गेले.

म्हणून कुठलाही शिंपला आणून टाकावा असेही नाही. टेनेसीतल्या डक नदीचा एक शिंपला क्लिंचमधल्याच जातीचा समजला जाई. आनुवंशिक घडण तपासल्यावर तो निराळा ठरला व २०१० साली त्याला स्वतंत्र नाव मिळाले.

२०२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकन सरकारने २१ जाती नामशेष ठरवून संरक्षित यादीतून काढल्या. त्यांत ८ शिंपल्यांच्या होत्या. घाई का आहे हे आम्हांस कळते. तरीही माद्या त्याच नदीच्या, पण अनेक ठिकाणांहून घ्याव्यात, दरसाल बदलाव्यात, आणि कोणत्या मादीची किती पिल्ले सोडली याची नोंद ठेवावी. याला खर्च व वेळ जास्त लागेल, आणि अहवालातला आकडा लहान दिसेल. तो दिसू द्यावा.