पाळणा दुसऱ्यांदा हलण्यापूर्वी

‘लग्न म्हणजे एक कागद. तो नसला म्हणून काय बिघडते?’ हा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्या इमारतींपुरता राहिलेला नाही. धाराशिव, कळंब, उमरगा येथून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडलेली मुले-मुली तो सणासुदीला घरी येताना सोबत घेऊन येतात. आई-वडील निरुत्तर होतात, कारण त्यांच्याजवळ ‘लोक काय म्हणतील’ एवढेच उत्तर असते. ते उत्तर दुबळे आहे. लोक काही दिवस बोलतात आणि विसरतात. बिघडते ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते ज्याने काहीच ठरवलेले नसते त्याच्या वाट्याला येते.

दोन प्रौढ माणसांनी एकत्र राहणे हा आपल्या देशात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खुशबू प्रकरणात ते स्पष्ट केले आहे. त्या दोघांपुरता प्रश्न असेल तर वाद घालून उपयोग नाही, हे आपणही मान्य करावे. पण मूल जन्मले की घरात तिसरा माणूस येतो. पहिल्या मुलाच्या वेळी ‘झाले ते झाले, पुढे बघू’ असे म्हणता येते. दुसऱ्याचा विचार करणाऱ्या जोडप्याला मात्र ती सवड राहिलेली नसते. त्याने आधी लग्न करावे, नोंदवावे आणि मग पाळणा हलवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कागदाची किंमत काय, हे ज्या जिल्ह्याला सांगण्याची गरज नाही असा जिल्हा धाराशिवच. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. २०२३ साली शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी महसुली दप्तरे आणि शाळांची प्रवेश-निर्गम पुस्तके धुंडाळली गेली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणले गेले. पणजोबाच्या नावापुढच्या एका शब्दासाठी घरेच्या घरे तहसिलीच्या पायऱ्या झिजवत होती. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो प्रायः वडिलांकडच्या नात्यातला असतो. बाप कबूल आहे तोवर ही साखळी जुळते. तो उठून गेला, नाकबूल झाला किंवा मेला आणि चुलत्यांनी तोंड फिरवले, की पहिलीच कडी तुटते. मग पणजोबाची नोंद सापडून उपयोग काय?

यावर पुरोगामी मंडळी म्हणतील की कायदा आता उदार झाला आहे. काही अंशी हे खरे आहे. पोटगीचा हक्क अनौरस अपत्यालाही पूर्वीपासून आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा विवाहसदृश संबंधातील स्त्रीलाही संरक्षण देतो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव आधी लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला, तो स्वागतार्हच आहे. पण हा उदारपणा कुठे थांबतो, हे ही मंडळी सांगत नाहीत. २०१० च्याच वेलुसामी निकालात न्यायालयाने विवाहसदृश संबंधासाठी अटी घातल्या. दोघे विवाहास कायद्याने पात्र हवेत, दीर्घकाळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले हवेत आणि समाजात पती-पत्नी म्हणून वावरलेले हवेत. या अटी सिद्ध कोणी करायच्या? त्या बाईने. कोणासमोर? वकिलाची फी भरून, तारखांमागून तारखा घेत, न्यायालयासमोर. विवाहितेला एका दाखल्याने जे मिळते, त्यासाठी हिला आपला सगळा संसार साक्षीपुराव्यासाठी चव्हाट्यावर मांडावा लागतो.

वडिलार्जित जमिनीचे तर विचारूच नये. रद्दबातल विवाहातील अपत्यांना बापाच्या एकत्र कुटुंबातील हिश्श्यात वाटा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी दिला. हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला होता २०११ मध्ये. बारा वर्षांनी निकाल आला, तोही ज्यांच्या आई-बापांचे काही ना काही लग्न लागले होते अशा मुलांसाठी. ज्यांचे मुळी लागलेच नाही, त्यांना ‘दीर्घ सहवासावरून विवाह गृहीत धरा’ अशी विनवणी करावी लागते. बाप गेल्यावर वारसनोंदीला गेलेल्या पोराला तलाठी हा युक्तिवाद ऐकवील का? शेतकरी आत्महत्यांचा कलंक लागलेल्या या जिल्ह्यात शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठीही वारस कोण, हे आधी ठरावे लागते. त्या वेळी चुलीपाशी बसलेल्या बाईला ‘तुझा कागद कुठे?’ असे विचारणारा दीरच असतो.

आपल्या परंपरेला हे सारे ठाऊक होते. शास्त्रकारांनी आठ विवाहप्रकार सांगितले, त्यांत गांधर्वविवाहही होता. पण महाभारतातील शकुंतला पोराचा हात धरून दुष्यंताच्या सभेत उभी राहते, तेव्हा ‘मला आठवत नाही’ एवढे एकच वाक्य राजाला पुरते, कारण साक्षीदार नसतो. भरताला बाप मिळाला तो आकाशवाणीमुळे. दिवाणी न्यायालयात आकाशवाणी होत नाही. आणि त्याच परंपरेत छांदोग्य उपनिषदातला सत्यकामही आहे. बापाचे नाव ठाऊक नसलेल्या त्या पोराला गुरूने सत्य बोलला म्हणून जवळ घेतले. तेव्हा विवाहाचा आग्रह धरताना आधी जन्मलेल्या मुलाकडे बोट दाखवणाऱ्याने आपण कोणत्या परंपरेचे, हे तपासून पाहावे.

परंतु शहरातल्या अशा जोडप्यांहून मोठा प्रश्न आपल्या वाड्या-वस्त्यांत आहे, आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. भूम, वाशी, कळंब भागातून दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल त्या जोडीवर मिळते. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणून पोरगी सोळाची झाली न झाली तोच घाईने अक्षता पडतात. वय भरत नसल्याने त्या लग्नाची नोंद होत नाही. पुढे वय भरते, पण नोंदीकडे कोणी परतत नाही, तोवर दोन मुले झालेली असतात. लिव्ह-इनच्या नावाने बोटे मोडणाऱ्या गावात कागदाच्या दृष्टीने तशीच अवस्था असलेली कितीतरी घरे सापडतील. आपण त्यांना संस्कारी म्हणतो एवढेच.

बालविवाह रोखलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण जो होऊन गेला, त्यातील मुलांना २००६ च्या कायद्याने औरस मानले आहे. विवाह रद्द करून घेण्याचा त्या मुलीचा हक्क कायद्याने राखला आहे, आणि तिला तो बजावायचा असेल तर गावाने आड येऊ नये. तिला त्याच घरात नांदायचे असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे १५ वे कलम पाहावे. विधीपूर्वक लग्न होऊन एकत्र राहत असलेल्या जोडप्याला, नोंदणीच्या वेळी दोघांचेही वय २१ पूर्ण असेल तर, त्या विवाहाची नोंद करता येते. हे कलम खेड्यात किती जणांनी ऐकले आहे?

आता थोडे स्वतःच्या घरात पाहू. लग्न महाग कोणी केले? पालघर, जव्हार, मोखाड्याकडच्या वारली पाड्यांवर लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी तशीच संसार थाटतात, आणि पुढे कधीतरी मुलांच्या मांडवातच आई-बापांनाही हळद लागते. त्यांच्या विवाहाची पुरोहित धवलेरी ही त्यांच्यातलीच सवाष्ण स्त्री. त्यात अनीती शोधणाऱ्याला दारिद्र्य दिसत नाही. आणि मराठवाड्यात? दुष्काळातही मांडवाचे घेर वाढतच गेले. हुंडा ‘मानपान’ या नावाने चालू आहे, आणि बाप सावकाराच्या दारात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच अत्यल्प खर्चातला सत्यशोधक विवाह लावून दाखवला होता. हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाला वधू किंवा वर यांपैकी कोणाच्याही रूढीचा विधी चालतो, थाटाची अट त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये दोन्ही बाजूंना एकदमच सुनावले. विधीवाचून मिळवलेल्या नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही, आणि विवाह म्हणजे नाचगाणे व खाणेपिणे नव्हे.

उत्तराखंडाने जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहितेत सहजीवनाची नोंदणी बंधनकारक केली. मुलांना औरस ठरवण्याचा तिचा हेतू चांगला आहे. पण सरकारदरबारी जाऊन नोंदच करायची, तर ती विवाहाचीच का करू नये, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रातही ऑक्टोबर २००८ मध्ये दीर्घकाळ पत्नीप्रमाणे राहिलेल्या स्त्रीला पोटगीसाठी ‘पत्नी’ मानण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने मंजूर केला होता. त्यावर वादळ उठले आणि तो कायद्यात आला नाही. वादळ उठवणाऱ्यांनी त्या स्त्रीसाठी दुसरा कोणता मार्ग सुचवला, हे विचारणे मात्र राहून गेले.

ज्यांना लग्न करताच येत नाही, अशीही जोडपी आहेत. पहिली बायको टाकून दुसरीसोबत राहणाऱ्या पुरुषाला आमचा सल्ला लागू नाही. त्याने आधी पहिलीचा न्याय करावा, आणि तोवर नव्या बाळाची भाषा करू नये. पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्या महाराष्ट्रातीलच एका इसमाला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दुसरीचीही पोटगी भरायला लावली.

उरलेल्यांसाठी वाट फार लांब नाही. १९९८ च्या राज्य कायद्यानुसार गावचा ग्रामसेवक हाच विवाह निबंधक आहे. पती, पत्नी, विधी लावणारा आणि तीन साक्षीदार एवढ्यांच्या सह्या लागतात, आणि मुदत टळली असेल तर जादा शुल्क. सामूहिक विवाहासाठी शासनाची शुभमंगल योजना आहे. दसरा झाला की टोळ्या गाव सोडतात. त्याआधीच्या एखाद्या ग्रामसभेत विवाह नोंदवही टेबलावर ठेवावी आणि अंगणवाडीच्या पटाशी ताडून पाहावी. पटावरील किती मुलांच्या आई-बापांची नावे त्या वहीत नाहीत, ते तासाभरात कळेल. साक्षीदार म्हणून सही करायला माणसे तिथे बसलेलीच असतील.