स्कॅन म्हणजे बॅकअप नव्हे!

आम्हा आयटीवाल्यांना एक खोड असते. स्कॅन केलं, सर्व्हरवर टाकलं, की मूळ कागद रद्दीत. वाळवून जपलेल्या झाडपाल्याच्या बाबतीत मात्र हे चालायचं नाही.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक करप्याने गेलं, सुमारे १० लाख माणसं दगावली. त्या शतकातली करपलेली पानं कुणी कुणी वाळवून ठेवली होती. लंडनचं क्यू आणि म्युनिक इथल्या संग्रहांतल्या अशा पानांमधून २०१३ मध्ये संशोधकांनी रोगजंतूचा डीएनए वाचला. तो अखंड थोडाच मिळतो? नुसता चुरा, त्यात बटाट्याचाही डीएनए मिसळलेला. लाखो तुकडे कॉम्प्युटरवर जुळवायचे. (फाटक्या लॉगफाइल्स जोडण्यासारखंच की!) निघालं काय, तर इतकी वर्षं संशय असलेला यूएस-१ हा वाण नव्हेच, त्याचा जवळचा नातलग, हर्ब-१.

फोटोवरून कळलं असतं हे?

तरी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने सव्वाआठ लाख नमुन्यांचा आपला संग्रह बंद करायचं जाहीर केलं. खर्च परवडत नाही, नमुने दुसरीकडे हलवू म्हणे. अहो, पण एवढी रिकामी कपाटं आहेत कुणाकडे?