कादंबरी लिहिताय? मग पाचशे प्रतींचं ते पत्र आठवा



तळेगाव दाभाडे, देहूरोड, चाकण या पट्ट्यातल्या विहारांत आणि अभ्यासवर्गांत हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं, "ताई, मी कादंबरी लिहितोय." ऐकून आनंदच होतो. पण पुढे विचारलं की या कादंबरीकडून तुझी अपेक्षा काय, तर उत्तरं अशी येतात : सहा महिन्यांत पूर्ण करणार, मोठा पुरस्कार मिळणार, त्यावर सिनेमा निघणार, कंपनी सोडून देणार आणि चळवळीला नवी दिशा मिळणार. शिवाय त्या एकाच कादंबरीत गावकुसाबाहेरचं बालपण, धर्मांतर, खैरलांजी, खासगीकरण, आरक्षण आणि आंतरजातीय लग्न असं सगळं यायला हवं असतं. बहुतेकांचं लिखाण चाळिसाव्या पानाच्या आसपास थांबतं. मग तो मुलगा वर्गालाही यायचा बंद होतो, कारण भेटेल तो विचारतो, "काय रे, कुठवर आली कादंबरी?"

मी अपेक्षा आवरा म्हणाले की एक आक्षेप ठरलेला असतो. "पायरी ओळखून वागा, असं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. आता तुम्हीही तेच सांगणार?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण पायरी ठरवणारा दुसरा असतो आणि हिशोब आपला आपण मांडायचा असतो. आपल्या माणसांनी लेखणी चालवली ती हिशोब मांडूनच.

बाबासाहेबांचंच घ्या. आपल्या तळेगावात त्यांचा बंगला आहे, देहूरोडच्या विहारात 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ कादंबरी नव्हे, पण लिहिणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येतं ते त्यातून कळतं. 1951 पासून 1956 पर्यंत, आजारपणात, त्यांनी तो लिहिला. छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये होता आणि तो त्यांना झेपणारा नव्हता. म्हणून सप्टेंबर 1956 मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं की बुद्धजयंती वर्षानिमित्त सरकारनं पाचशे प्रती विकत घ्याव्यात. निधी संपल्याचं कारण पुढे आलं, प्रती घेतल्या गेल्या नाहीत. ग्रंथ प्रसिद्ध झाला 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. घटनेच्या शिल्पकाराला पाचशे प्रतींसाठी पत्र लिहावं लागलं. पहिल्या कादंबरीच्या पाचशे प्रती आपोआप खपतील असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि हेही, की पैशाची सोय नव्हती तरी ग्रंथ अर्धवट राहिला नाही.

अण्णाभाऊंचं उदाहरण तर रोज दिलं जातं, पण अर्धंच. 'फकिरा' 1959 मध्ये आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, 1961 मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. म्हणजे आमच्या पोरांच्या यादीतलं जवळपास सगळं त्यांना मिळालं. तरीही 18 जुलै 1969 रोजी, वयाच्या 48 व्या वर्षी, ते गरिबीतच गेले. नाव होणं आणि घर चालणं यांचा संबंध इतका पातळ आहे. बाबूराव बागूल रेल्वेत नोकरी करत लिहीत होते आणि 1963 मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं तो कथासंग्रह होता, 'जेव्हा मी जात चोरली होती'. तेव्हा कादंबरीसाठी नोकरी सोडण्याचा विचार करणाऱ्यांनी जरा थांबावं.

आता आपला हिशोब. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीसकट शिफ्टचे अकरा-बारा तास जातात. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात डोकं चालतच नाही. मग धरा आठवड्याचे चार दिवस, रोज तीनशे शब्द. आठवड्याला बाराशे झाले. साठ हजार शब्दांना पन्नास आठवडे लागतात, म्हणजे एक वर्ष, तेही ठेकेदारानं मध्येच ब्रेक दिला नाही तर. हा झाला फक्त पहिला खर्डा. तो बहुधा वाईटच असतो, कोणाचाही. पुन्हा लिहायला आणखी एक वर्ष. लग्न झालेल्या मुलींसाठी हे गणित आणखी लांबतं, कारण त्यांना शिफ्टनंतर घरी दुसरी शिफ्ट असते. याची चर्चा आपल्या वर्गांत कोणी करत नाही.

पैसे घेऊन पुस्तक छापून देणारे याच घाईवर जगतात. माझ्या ओळखीच्या एका मुलानं बोनसची सगळी रक्कम अशा एकाला दिली. प्रूफं कुणी तपासली नाहीत, पुस्तकं दुकानात पोहोचलीच नाहीत, गठ्ठे अजून त्याच्या कॉटखाली आहेत.

विषयाचं ओझंही उतरवा. याच तळेगावात राहून गो. नी. दांडेकरांनी मावळावर लिहिलं, 'पवनाकाठचा धोंडी' 1955 ची. तो मावळ गड-किल्ल्यांचा, शेतकऱ्यांचा. कंपनीची बस, जमीन विकून ठेकेदार झालेला पाटलाचा पोरगा, मराठवाड्यातून आलेला आयटीआयवाला, खोली भाड्यानं देताना आडनाव विचारणारी मालकीण यांची कादंबरी निदान माझ्या वाचनात आलेली नाही. ती लिहायला तीन हजार वर्षांचा इतिहास लागत नाही. एक खोली, चार रूममेट, एक पावसाळा पुरतो. आणि सुपरवायझरलाही माणूस म्हणून उभं करावं लागतं. भाषणात ते नाही केलं तरी चालतं, कादंबरीत चालत नाही.

कार्यकर्त्यांनाही एक सांगायचं आहे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपण पिशव्या भरभरून पुस्तकं घेतो, पण त्यात नव्या लेखकाची कादंबरी किती जणांच्या पिशवीत असते? "चळवळीसाठी काय केलंस" हे त्या पोराला विचारण्याआधी त्याचं एक प्रकरण ऐकून घ्या. विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर, दहा पानं, पाच-सहा ऐकणारे. कुठे अडलं, कुठे कंटाळा आला, एवढंच त्याला सांगायचं.