दृष्टी आणि मुखत्यारी

काचबिंदूने दृष्टी अधू झालेल्या मनुष्याने घरी स्वस्थ बसावे, देण्याघेण्याचा कारभार मुलाबाळांवर सोपवावा आणि उरलेले आयुष्य नामस्मरणात घालवावे, असा जो उपदेश आप्तेष्ट मोठ्या कळवळ्याने करीत असतात, त्यातील कळवळ्याविषयी आम्हांला यत्किंचितही संशय नाही; संशय आहे तो त्यामागील तर्काविषयी. नजर क्षीण झाली त्या अर्थी निर्णयशक्तीही क्षीण झाली, हे त्यात न बोलता गृहीत धरलेले असते.

निदान झाले त्याच आठवड्यात आमच्या पुतण्याने मुखत्यारपत्राचा मसुदा आमच्यापुढे ठेवला व सही कोठे करावयाची ते बोटाने दाखविले. त्या दस्तऐवजाची ओळ न् ओळ आम्ही बोट ठेवून वाचली, दोन चुका काढल्या, कागद परत केला, आणि उठताना शेजारच्या स्टुलाला अडखळलो. "वाचता येतं, मग एवढं स्टूल कसं दिसत नाही?" हा त्याचा प्रश्न. ढोंगाचा हा आरोप काचबिंदूच्या बहुतेक रुग्णांच्या वाट्याला येतो, सबब त्याचे उत्तर देणे भाग आहे. या व्याधीत दृष्टीचा मज्जातंतू झिजतो आणि दृष्टिक्षेत्र बहुधा कडेकडून आक्रसत येते. मधला भाग पुष्कळदा फार उशिरापर्यंत शाबूत राहतो. म्हणूनच बारीक टाइप वाचणाऱ्याला पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा 2016 चा कायदा हे जाणतो : ज्याचे दृष्टिक्षेत्र 10 अंशांहून कमी उरले, त्याची मधली नजर कितीही तीक्ष्ण असो, कायद्याच्या लेखी तो अंधच.

दुसरा पक्ष उत्साही मंडळींचा. सारे मनावर असते, असे ते म्हणतात. हेही आम्हांला कबूल नाही. मोतीबिंदू काढल्यावर नजर परत येते, तशी काचबिंदूने गेलेली येत नाही. औषधाने, लेसरने वा शस्त्रक्रियेने उरलेली राखावयाची, एवढेच हाती असते. इच्छाशक्तीने डोळ्यांचा दाब उतरत नाही, थेंबांनी उतरतो, आणि तेही नेमाने घातले तर.

आमचे म्हणणे असे की, स्वावलंबन म्हणजे कोणाचीही मदत न घेणे नव्हे, तर कोणती मदत, केव्हा आणि कोणाकडून घ्यावी हे ठरविण्याचा अखत्यार आपल्याकडे राखणे होय. सकाळच्या थेंबांच्या बाटलीला एक रबर आणि रात्रीच्या बाटलीला दोन, अशी तजवीज केल्यापासून आम्हांला कोणास हाक मारावी लागलेली नाही. पांढऱ्या ताटातील पांढरा भात दिसेना, तेव्हा गडद निळे ताट आणविले. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावली. शंभराच्या नव्या नोटेच्या कडेला चार उठावदार रेघा असतात व पाचशेच्या नोटेला पाच, हे बोटांना आठवडाभरात पाठ झाले. पांढऱ्या काठीची मात्र आम्हांला वर्षभर लाज वाटली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु नजरेतून निसटलेला पायाखालचा प्रदेश नेमका तीच चाचपते. आणि स्कूटर सोडली ती कोणी किल्ली लपविली म्हणून नव्हे, तर एका सायकलस्वाराला थोडक्यात चुकविल्यावर आम्हीच तसे ठरविले म्हणून.

एका बँकेतील कारकुनाने "मुलाला घेऊन या" म्हणून आमचा चेकबुकाचा अर्ज परत केला होता. दृष्टिहीन खातेदारांना चेकबुकासह सर्व सोयी भेदभावावाचून द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेचे 2008 चे परिपत्रकच होते. ते पुढे ठेवताच अर्ज घेतला गेला. मुलाला नेले नव्हते.

राहिला पुतण्या, आणि उपदेश करणारी आमची सख्खी भावंडे. काचबिंदू रक्ताच्या नात्यात अधिक आढळतो आणि आरंभी बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आपणांपैकी ज्यांची चाळिशी उलटली असेल, त्यांनी आमच्या कारभाराची काळजी तूर्त बाजूस ठेवून आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत, ही विनंती.