जी राहण्याची खोली नव्हे

मराठीचे प्राध्यापक घर बांधायला काढतात, तेव्हा अभियंत्याकडून त्यांच्या हाती येणारा नकाशा ही एक संहिता असते. आणि संहिता वाचणे हा ज्यांचा पेशा, तेच ती वाचत नाहीत, ही आमची तक्रार आहे. वर्गात आपण ओळींच्या मधल्या मौनावर व्याख्याने देतो. नकाशावर मात्र आपली नजर दोनच गोष्टी शोधते : हॉल किती बाय किती, आणि दिशा बरोबर आहेत ना.

तालुक्याच्या गावाबाहेरील कोणताही बिगरशेती प्लॉट घ्यावा. नकाशा बहुधा ठरलेला. पुढे चारचाकीची जागा, मग पाहुण्यांवर छाप पडेल असा हॉल, ईशान्येला देवघर, आग्नेयेला किचन, नैर्ऋत्येला मास्टर बेडरूम, त्यालगत मुलांची खोली, जिन्याने वर गेले की गेस्टरूम आणि गच्ची. वर्षातून आठ दिवस येणाऱ्या पाहुण्याला दार लावून घेता येईल अशी खोली आहे. दहावीतल्या मुलाला आहे. देवालाही आहे. घरातल्या बाईला जी जागा नावाने दिलेली आहे, ती एकच; आणि तिला दार नसते, असले तरी ते लावायची पद्धत नाही. 'मास्टर बेडरूम' या शब्दातला मास्टर कोण, हे भाषेच्या अध्यापकांना कोणी समजावून सांगायला नको.

आमच्या या म्हणण्याला कायद्याच्या भाषेचाही आधार आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीची व्याख्या दिलेली आहे. बसणे, झोपणे, अभ्यास, जेवण यांसाठीची खोली ती राहण्याची खोली. स्वयंपाकघर त्यात धरायचे ते केवळ बैठकीची खोली म्हणूनही वापरात असेल तरच. न्हाणीघर, कोठीची खोली, बोळ यांना तर ती वगळतेच, आणि दीर्घकाळ वापरात नसलेल्या जागांनाही वगळते. तेव्हा पहाटेच्या चहापासून रात्रीच्या विरजणापर्यंत जिथे एक माणूस उभे असते, ती जागा व्याख्येने राहण्याची नव्हे! आकडेही त्याला साजेसेच आहेत. राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्र ९.५ चौरस मीटर. जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघराचे ५ चौरस मीटर, रुंदी किमान १.८ मीटर. एक चारचाकी उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. स्वयंपाकघराच्या अडीच पट. किमान म्हणजे आदर्श नव्हे हे आम्हांला कळते. पण बांधणारा हात आखडता घेतो तो नेहमी याच खोलीपाशी, आणि हॉलपाशी तो कधी आखडलेला आम्ही पाहिला नाही.

यावर काही मंडळी लगेच जुन्या वाड्याकडे वळतात. काय ते माजघर, काय ती ओसरी, तुळशीवृंदावन, पडवी! मराठीच्या विभागांत हा उसासा इतका रुळलेला आहे की तो समीक्षा म्हणून खपतो. आम्हांला हा उसासा मान्य नाही. ज्या माजघराचे आपण गोडवे गातो तिथला उजेड आधी आठवावा. ओसरी पुरुषांची, दिवाणखाना पुरुषांचा. बाईला माजघर, चूल, अंधारी बाळंतिणीची खोली आणि महिन्यातले चार दिवस एक कोपरा. केशवपन केलेल्या बाईची जागा कोणत्या अंधारात होती, हे मराठी गद्याच्या अभ्यासकाला ठाऊक असतेच. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी आपण सुधारणेचा इतिहास म्हणून शिकवतो. त्या एकदा घराचा नकाशा म्हणून वाचून पाहाव्यात. पतीपाशी घेतलेले धडे एकीकडे, आणि त्याच धड्यांपायी घरातल्या बायकांमध्ये सोसावे लागलेले टोमणे दुसरीकडे. एकाच घरात दोन प्रदेश, आणि त्या बाईला दिवसातून कितीदा तरी ती सीमा ओलांडायची. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'वर आपण ऱ्हासाच्या अंगाने पाने भरतो. पण ज्या प्रभाला शिकायचे होते आणि शिकू दिले नाही, तिच्या बाजूने पाहिले तर तो वाडा कोसळण्यात हळहळण्यासारखे नेमके काय आहे?

शिवाय 'वाडा' हा शब्दही एका अर्थाचा नाही. चौसोपी तोही वाडा, आणि गावाबाहेर ढकललेली वस्ती तोही महारवाडा. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) अभ्यासक्रमात लावून पुन्हा ओसरीसाठी सामूहिक अश्रू ढाळणे, हे निदान विसंगत तरी आहे. असो.

वास्तुशास्त्राविषयी मात्र आम्ही सरसकट बोलणार नाही. आग्नेयेचे स्वयंपाकघर महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात गैरसोयीचे नसते. वारा वर्षातला मोठा काळ पश्चिमेकडून येतो, धूर बाहेरच्या बाहेर जातो, सकाळचे ऊन ओट्यावर पडते. पण हाच न्याय लावायचा तर नैर्ऋत्येच्या शयनगृहाचे काय? दुपारपासून मावळतीपर्यंत ऊन खाल्लेली भिंत विदर्भ-मराठवाड्यात रात्री झोप लागू देत नाही, हे मे महिन्यात हात लावून पाहावे. तरीही तिथे घरधन्यालाच झोपवायचे, कारण नैर्ऋत्य ही स्थैर्याची दिशा. इथे दिशेचा संबंध वाऱ्याशी वा उन्हाशी उरत नाही, अधिकाराशी उरतो. मग सोय दुय्यम होते आणि गरज पडल्यास आधीच लहान असलेले स्वयंपाकघर आणखी दोन फूट सरकते.

याउलट एक उदाहरण. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली फ्रँकफुर्ट शहराच्या सार्वजनिक घरबांधणीसाठी स्वयंपाकघर आखले. क्षेत्र जेमतेम साडेसहा चौरस मीटर. पण तिने आधी पावले मोजली : काम करणारी बाई कुठून कुठे जाते, किती वेळा वळते, कुठे वाकते. त्यावरून ओटा, कप्पे, खिडकी, आणि बैठकीच्या खोलीत खेळणाऱ्या मुलावर नजर राहावी म्हणून मधे सरकते दार. पुढे स्त्रीवाद्यांनी तिच्यावरही टीका केली, की या नेटक्या डबीत बाई एकटीच कोंडली गेली. आणि ती टीका रास्त आहे. आपल्याकडच्या 'मॉड्युलर' किचनने तिच्याकडून कपाटे उचलली, पावले मोजणे तेवढे सोडून दिले. ओट्याची उंची आजही ठरते ती गवंड्याच्या सवयीने, उभे राहणाऱ्या बाईच्या कोपराने नव्हे. ओपन किचन हा तर नुसता देखावा. भिंत गेली, राबणे सर्वांना दिसू लागले, आणि काही कुटुंबांत यालाच समानता म्हणतात.

आता नेहमीचा आक्षेप : 'अहो, आम्ही तिला विचारले होते. तीच म्हणाली, काहीही चालेल.' वाक्यार्थाच्या अभ्यासकांनी हे उत्तर पुरावा म्हणून पुढे करावे, याचे आम्हांला नवल वाटते. 'काहीही चालेल' हे अनुमतीचे वाक्य नाही. ज्या प्रश्नाला आजवर कधी उत्तर अपेक्षित नव्हते, त्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे. आणि विचारले जाते ते काय? टाइल्सचा रंग, पडद्यांचे कापड. भिंत कुठे यावी हे विचारले जात नाही. घर विकत घेताना केवळ स्त्रीच्या नावे खरेदी केली तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि ती घ्यायला कोणी विसरत नाही. दस्तावर ती मालकीण, नकाशावर आग्नेय.

जागेचा आणि पैशाचा आक्षेप खरा आहे, पण तो हॉलपाशी का आठवत नाही? सहा बाय आठ फुटांत एक टेबल, एक खुर्ची, पुस्तकांची फळी आणि खिडकी बसते. दुमजली उंचीच्या हॉलसाठी वरच्या मजल्यावरची जी जागा आपण हवेला देऊन टाकतो, तीत अशा दोन-तीन खोल्या होतील. व्हर्जिनिया वूल्फने १९२९ साली मागितलेली स्वतःची खोली आणि वर्षाचे पाचशे पौंड यांवर आपण दहा गुणांचा प्रश्न काढतो. त्या उत्तरपत्रिका आपल्यातल्या कितीतरी प्राध्यापिका, जेवणाच्या टेबलावरची ताटे उचलून झाल्यावर, तिथेच बसून तपासतात. प्राध्यापकांना त्यासाठी वर 'स्टडी' असते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. नकाशाची पहिली रेघ स्वयंपाकघराची असावी, आणि तिथे कोण कोण उभे राहणार हे आधी ठरावे, पुरुषांसह. मग घरातल्या प्रत्येक माणसापुढे एकच प्रश्न ठेवावा : दुपारी तीन वाजता तुम्हांला एकटे बसायचे असेल तर कोणत्या दारामागे बसाल? ज्याला उत्तर देता येणार नाही त्याची खोली आधी काढावी. गेस्टरूम मागाहून बघता येईल. हे सारे फक्की पडण्यापूर्वी व्हायला हवे. तोवर भिंत खोडरबराने हलते, आणि जोते झाल्यावर कंत्राटदार तिचे वेगळे पैसे मागतो.