रडण्याला अज्ञान म्हणू नका

आमच्या ह्यांना जाऊन दीड वर्ष होईल. कराडात आमची पिठाची गिरणी आहे. तिच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही 31 वर्षं संसार केला. तिसऱ्या दिवशी मुलगा आणि दीर सावडून आले, रक्षा संगमावर सोडून आले. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ह्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ भेटायला आले. अध्यात्माची शिबिरं केलेले, वाचन दांडगं. मी भिंतीला टेकून बसले होते, डोळ्यांना धार होती. ते म्हणाले, “वहिनी, गेलं कोण? कुणी जन्मत नाही, कुणी मरत नाही. मी-तू हा सगळा भास. हे रडणं म्हणजे अज्ञान.”

बायका गप्प झाल्या. जाऊबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांनी तो काढून घेतला, जणू त्यांचंही काही चुकलं होतं. त्या गृहस्थांचं बोलणं मी एखाद्या वेळी विसरेन, तो काढून घेतलेला हात विसरता येत नाही.

पुढे हेच बोलणं मी आणखी दोन घरांत ऐकलं. एका घरात तर तरणा मुलगा गेला होता. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हे मला कळतं. पण अद्वैताच्या नावावर हे जे चाललं आहे ते खरं नाही. निदान आपल्या मराठीतलं अद्वैत असं नाही, आणि हे मी वाचून सांगते आहे.

ह्यांना ज्ञानेश्वर माउलींच्या अमृतानुभवाचं वेड होतं. गिरणीला सुट्टी असली की वरचा दगड काढून हे टाकी लावायला बसायचे. दगड गुळगुळीत झाला की दळण नीट निघत नाही, पीठ तापतं. म्हणून हातोडी-छिन्नी घेऊन एकेक खाच पुन्हा उठवायची. मांडी घालून, तीन-तीन तास. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मग अंघोळ करून पोथी उघडायचे. पानांच्या बेचक्यात अजून पीठ आहे. जिथे समजलं तिथे पेन्सिलीची बारीक खूण, जिथे नाही समजलं तिथे फुली. सातव्या प्रकरणात फुल्याच फुल्या आहेत.

ते गृहस्थ येऊन गेल्यावर मी सातव्या प्रकरणापासूनच सुरुवात केली. दहा प्रकरणांची ही पोथी, ओव्या आठशेच्या आसपास. त्यात सगळ्यात मोठं प्रकरण हे सातवं, अज्ञानखंडन. माउली एवढ्या ओव्या खर्चून अज्ञान घालवायचा उपाय सांगत असतील असं मला वाटलं होतं. तसं नाही. अज्ञान नावाची वस्तूच नाही, असं ते परोपरीने दाखवतात. ते ज्ञानात राहू शकत नाही, ज्ञानाबाहेर तर काहीच नाही, मग ते राहणार कुठे? हे जे दिसतं ते एका चैतन्याचंच दिसणं आहे. बघणारा तोच, दिसणाराही तोच. आणि एवढ्यावर न थांबता आठव्या प्रकरणात ते ज्ञानालाही निरोप देतात. अज्ञानच नाही तर त्याच्या जोडीने येणारं ज्ञान तरी कशाला उरेल?

हे वाचून पोथी मांडीवर तशीच ठेवून मी बराच वेळ बसले. ज्या पोथीचं सगळ्यात मोठं प्रकरण अज्ञान नाहीच हे सांगायला लिहिलं आहे, तिच्या वारसांनी एका बाईच्या डोळ्यांतल्या पाण्याला अज्ञान म्हणावं! सगळं जर तेच आहे, तर हे पाणी तेवढं त्याच्या बाहेरचं कसं झालं?

अभ्यासकांत यावर मतभेद आहेत, ते लपवायचं कारण नाही. शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानेश्वरांना शंकराचार्यांच्या मायावादाच्या वाटेवर पाहिलं. पंढरपूरच्या भा. पं. बहिरटांना ते पटलं नाही. जग ही माया नव्हे, चैतन्याचा विलास आहे, हेच माउलींचं सांगणं असं त्यांचं म्हणणं. मी पंडित नाही. पण वाचताना मला बहिरटांचं म्हणणं पोथीला जास्त धरून वाटतं. जग खोटं म्हणणाऱ्याने पोथीची सुरुवात नवरा-बायकोने कशाला केली असती?

कारण सुरुवात तशीच आहे. पहिल्या प्रकरणात शिव आणि शक्ती आहेत, देव आणि देवी. दोघं एकमेकांवाचून नाहीत. दोन दिवे, उजेड एक. दोन डोळे, पाहणं एक. अद्वैत सांगायला माउलींना गुहेतला एकटा संन्यासी आठवला नाही, जोडपं आठवलं. ह्यांनी तिथे पेन्सिलीने दोनदा खूण केली आहे. कधी केली, मला माहीत नाही, कधी बोलले नाहीत. मी स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि गिरणीच्या घरघरीतून ह्यांना ती ऐकू जायची, एवढंच आमचं शिवशक्तीचं प्रकरण होतं. तो दुसरा दिवा विझल्यावर उजेड कमी झाला नाही असं मला कुणी सांगू नये.

आणि ज्यांना हे सगळं कळलं होतं, त्यांचं काय झालं? 1296 साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत माउलींनी समाधी घेतली. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत तो प्रसंग आहे. त्यात निवृत्तिनाथ शोकाने फुटतात. ते थोरले भाऊ, आणि गुरूही तेच. अमृतानुभवाची ही विद्या ज्यांच्याकडून आली तेच. त्यांना ‘गेलं कोण’ हे ठाऊक नव्हतं? तरी ते रडले, आणि नामदेवांनी ते झाकलं नाही, लिहून ठेवलं. सातशे वर्षं वारकरी ते अभंग गातात आणि डोळे पुसतात. त्यांना अज्ञानी म्हणायची कुणाची छाती आहे?

मला काही साक्षात्कार झालेला नाही. ‘मी’ म्हणजे कोण, हे विचारलं तर मला अजून गिरणीवाली, आई, सासू, एवढंच सुचतं. पण नवव्या प्रकरणातली एक गोष्ट मला हाताला लागल्यासारखी कळते. एकाच डोंगरातून देव कोरावा, देऊळ कोरावं, भक्तही कोरावेत. मग त्या एका दगडातच पूजा व्हायला हरकत कोणती? वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मी तर हे टाकी लावत असताना दगड कितीदा जवळून पाहिला आहे. सगळं एक असूनही प्रेम करायला जागा उरते, आणि प्रेमाला जागा आहे तर विरहालाही आहे.

म्हणून सांगते. कुणाच्या घरी सांत्वनाला जाल तेव्हा आत्मा अमर आहे हे तिथल्या बाईला सांगू नका. तिने विचारलं तर बोला, नाहीतर नुसते बसा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. तिच्या पाठीवर कुणाचा हात असेल तर तो तिथेच राहू द्या.